नवख्याच्या हाती शॉटगन?

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पात्रानं आयुष्यात कधी बंदूक धरली नसेल तर त्याला शॉटगन द्या, नेम धरावा लागत नाही. नायिका चणीनं लहान असेल तर हलकं पिस्तूल द्या. आणि कथा अवकाशात घडत असेल तर सरळ लेसर. कारण तिथे ऑक्सिजन नाही, म्हणून बार उडत नाही; उडालाच तर धक्क्यानं माणूस भिरकावला जातो; आणि गोळी भिंतीत घुसली की सगळे त्या भोकातून बाहेर ओढले जातात. यातलं फारच थोडं टिकतं.

शॉटगनचं आधी बघू. छर्रे जाळ्यासारखे पसरतात, ही समजूत सिनेमानं रुजवली. साध्या नळीतून छर्रे ढोबळमानानं दर मीटरला अडीच सेंटीमीटर पसरतात. म्हणजे चार मीटरच्या खोलीत पलीकडच्या भिंतीवर दहा सेंटीमीटरचा ठिपका, चहाच्या बशीहूनही लहान. नेम चुकला की सगळेच छर्रे चुकले. वर बारा बोअरचं काडतूस तीसेक ग्रॅम शिसं फेकतं आणि तो हिशेब खांद्याकडून वसूल करतं. पहिल्या बारानंतर नवखा माणूस दुसरा बार होण्याआधीच डोळे मिटतो. पंप शॉटगन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरायची) असेल तर घाबरलेला हात पंप अर्धाच ओढतो आणि काडतूस अडकतं. प्रसंग म्हणून हे झकास आहे, पण ‘शिकावं लागत नाही’ असं म्हणू नका.

हलक्या पिस्तुलाचा सल्ला मला जास्त खटकतो, कारण तो नेमका उलटा आहे. गोळी तीच ठेवून हत्यार हलकं केलं की धक्का वाढतो. हातातली नळीही आखूड, त्यामुळे मनगट केसभर हललं तरी गोळी हातभर बाजूला. नवख्याला सोपं पडतं ते जड हत्यार आणि छोटी गोळी. एनसीसी केलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं, फक्त कुणी तसं सांगत नाही. आमच्या कॅम्पात पॉइंट टू टू रायफल होती. चांगली जडशीळ, आणि गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. जमिनीवर पालथं पडायचं, दस्ता खांद्यात रोवायचा, उस्ताद ‘साँस रोको’ म्हणाले की श्वास रोखायचा. बार झाला तरी धक्का जाणवायचा नाही, कोणी पाठीवर टपली मारल्यासारखं. माझ्या पाचातल्या चार गोळ्या कागदावर लागल्या. पाचवी शेजारच्याच्या कागदावर निघाली आणि त्याला सहा छिद्रांचं श्रेय मिळालं. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला ऑलिम्पिकचं कांस्य मिळवलं तेही याच बोअरच्या रायफलीनं. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथेही हत्यार जड आणि गोळी छोटी, हेच सूत्र.

आता अवकाश. बार उडत नाही हे साफ चूक. जुन्या काळ्या दारूत ऑक्सिजन पुरवायला शोरा असतो. आजच्या दारूतल्या नायट्रोसेल्युलोजच्या रेणूतच तो असतो. काडतुसाला बाहेरची हवा लागतच नाही. सोव्हिएत संघानं 1975 मध्ये सॅल्यूत-3 या स्थानकावरची तोफ कक्षेत उडवूनही पाहिली होती, स्थानकात कोणी नसताना.

भिरकावलं जाण्याचा हिशेब पाठकोऱ्या कागदावर होतो. माणूस आणि पोशाख मिळून 200 किलो धरा. नऊ मिलिमीटरची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला 350 मीटर वेगानं सुटली, तर माणूस मागे सरकतो सेकंदाला दीड सेंटीमीटर. मुंगीची चाल. बारा बोअर असेल तर सात-आठ सेंटीमीटर. खरी पंचाईत दुसरीच आहे. धक्का खांद्यावर बसतो, शरीराच्या मध्यावर नाही. त्यामुळे माणूस सावकाश गिरकी घ्यायला लागतो आणि दुसरी गोळी झाडेपर्यंत शत्रू नजरेसमोरून सरकलेला असतो. लेखकाला याहून चांगलं काय हवं? शिवाय पोशाखाच्या जाड हातमोज्यातलं बोट चापाभोवतीच्या कड्यात शिरतच नाही. सल्ला देणाऱ्यांना ते कधी सुचलेलं दिसत नाही.

भोकाचंही तसंच. शंभर घनमीटरच्या केबिनला नऊ मिलिमीटरचं भोक पडलं तर हवेचा दाब निम्म्यावर यायला साधारण दीड तास लागतो. तेवढ्यात शिट्टीच्या आवाजावरून भोक शोधून बुजवता येतं. 2018 मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात दोनेक मिलिमीटरचं भोक सापडलं, तेव्हा ते इपॉक्सीनं बुजवलं गेलं.

राहिला लेसर. धक्का नसतो हे कबूल. पण निर्वातात किरण दिसत नाही, त्यामुळे आपण मारलं कुठे हेच नवख्याला कळत नाही. चकचकीत धातूच्या बोळात परावर्तित झालेला किरण स्वतःच्या किंवा सोबत्याच्या डोळ्यांत जाऊ शकतो. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेसर शस्त्रांवर 1995 च्या आंतरराष्ट्रीय करारानं बंदी घातली, ती उगाच नाही.

खरे अवकाशवीर काय नेत होते? 1965 मध्ये व्हॉस्खोद-2 हे सोव्हिएत यान ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, रशियातल्या पर्मकडच्या बर्फाळ जंगलात उतरलं. त्यातल्या लिओनोव आणि बेल्यायेव यांना तिथे रात्र काढावी लागली. पुढे 1986 पासून सोयूझमध्ये टीपी-82 हे तीन नळ्यांचं पिस्तूल ठेवलं गेलं. दोन नळ्या छर्ऱ्यांच्या, एक रायफलीची, आणि दस्ता काढला की कोयता. अवकाशात नेलेलं हे हत्यार होतं जमिनीवरच्या अस्वल-लांडग्यांसाठी.

माझ्या कथेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंना मी दस्ता असलेली, छोट्या गोळीची जड कार्बाइन दिली आहे, चापाचं कडं हातमोज्याला पुरेल इतकं मोठं. दार उघडतं, त्या नेम धरतात, चाप ओढतात आणि काहीच होत नाही. सेफ्टी लावलेलीच आहे.