युकातानची सहल: मूड न घालवण्याचे उपाय

मेक्सिकोत युकातानला निघालात? छान! काही सूचना देऊन ठेवतो, नाहीतर सहलीचा आमच्यासारखा विचका व्हायचा. घायपाताच्या एका जुन्या मळ्यावर आमच्या गाइडने मालकाच्या वाड्यातलं झुंबर आणि फरशी तासभर दाखवली. तिथल्या मूळच्या माया लोकांनी केलेल्या बंडाचं विचारलं, तर म्हणाला, "मालक घरच्यासारखं वागवायचे हो, यांना कुणीतरी भडकवलं." ग्रुपमधल्या एका काकांनी मान डोलावून मलाच दटावलं, "इतिहास राहू दे, लंचचं बघा."

तर, पहिली सूचना: लंचचं बघा.

युकातानची राजधानी मेरिदात, मोन्तेखो या स्पॅनिश विजेत्याच्या वाड्यासमोर सेल्फी जरूर घ्या. दर्शनी भिंतीवरच्या दगडी शिपायांच्या पायाखाली आ वासलेली मुंडकी आहेत, तेवढी क्रॉप करा.

बंडाची गोष्ट बंडखोरांनी तेपिच गावात केलेल्या कत्तलीपासूनच सुरू करा. त्याआधी काही घडलंच नव्हतं.

'भडकवलं' हा शब्द पाठ करा. 1839 मध्ये सान्तियागो इमान नावाच्या कप्तानाने स्वतःच्या बंडासाठी माया शेतकऱ्यांच्या हाती बंदुका दिल्या, चर्चच्या करातून सोडवतो म्हणाला. काम झालं, शब्द हवेत. वर गावांच्या जमिनी 'पडीक' ठरवून उसाच्या मळ्यांना! जुलै 1847 मध्ये मानुएल आन्तोनियो आय या माया पुढाऱ्याला वायादोलिद शहरात देहदंड दिला, आणि चार दिवसांत तेपिच पेटलं. पुढच्या वर्षी सेसिलिओ ची आणि हासिन्तो पात या बंडाच्या म्होरक्यांचे लोक मेरिदाच्या जवळ येऊन ठेपले. गोरे सरदार इतके टरकले, की अमेरिका, स्पेन, ब्रिटन, कुणीही या नि आमचा प्रांत घ्या म्हणून विनवण्या! मग पारडं फिरलं आणि पकडलेले माया क्युबाच्या मळ्यांवर विकायला काढले. ते थांबवायला 1861 मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष हुआरेस यांना हुकूम काढावा लागला. घरच्यासारखं म्हणे! घरच्या माणसांना पैसे घेऊन बोटीत कोण चढवतं?

1901 हे साल चुकूनही उच्चारू नका. मेक्सिकोच्या जनरल ब्राव्होने बंडखोरांची राजधानी चान सान्ता क्रूस घेतली ती तेव्हा. 'कुणीतरी भडकवलेलं' बंड पन्नासहून जास्त वर्षं कसं चाललं, हा प्रश्न लगेच कुणीतरी विचारेल.

जाऊ दे, हे सूचना-बिचना पुरे. गाइडचं एक समजतं, त्याचं पोट त्या वाड्यावर आहे. तुम्ही कसल्या माना डोलावता? मजुरीऐवजी टोकनं द्यायची, ती मालकाच्याच दुकानात चालायची, आणि कर्ज फिटेस्तोवर मळा सोडायचा नाही, याला घरपण म्हणता? हे विचारणाऱ्याला गप्प बसवता, वर स्वतःला सुशिक्षित प्रवासी म्हणवता? एवढं जड जात असेल, तर कानकूनच्या पूलमध्ये डुंबत बसा. मायांच्या गावात पाय कशाला ठेवता?