गटात न बसणारा शब्द

नीटचा निकाल लागला की आमच्या दहावी 'ब'च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तेच सुरू होतं. आधी कॉलेज रोडवरच्या क्लासच्या होर्डिंगचे फोटो येतात, पासपोर्ट फोटोंच्या रांगा आणि खाली मार्क. मग ज्यांच्या मुलांची सरकारी सीट हुकली ते बोलू लागतात. यंदा एकाने लिहिलं, "आमच्या पोरापेक्षा कितीतरी कमी मार्क असून सुरगाण्याच्या मुलीला सीट. पेपर तर सगळ्यांना एकच होता ना?" सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्यातला आदिवासी तालुका. त्यावर पटापट अंगठे उमटले.

नाशिकला सकाळ होती, इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत रात्रीचे साडेदहा. डिशवॉशर लावून मी झोपायला निघाले होते. राहवलं नाही, म्हणून लिहिलं, "पेपर एकच होता, पण मुलं एकाच घरातून आली होती का?" लगेच उत्तर आलं, "तिकडे बसून बोलायला काय जातं? तुमच्या अमेरिकेनेसुद्धा सॅट परत आणलीच ना?"

त्या 'तुमच्या'ने माझी झोप गेली. आठवडा झाला, तो शब्द डोक्यातून जात नाही.

सॅट ही इथली कॉलेजप्रवेशाची परीक्षा. ती परत आणली, खरं आहे. कोविडमध्ये बहुतेक विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली, डार्टमथने २०२४ मध्ये, मग ब्राउन, हार्वर्ड. पण डार्टमथने सोबत हेही सांगितलं, की आम्ही मुलाचे गुण त्याच्या शाळेच्या सरासरीशेजारी ठेवून वाचतो. ज्या शाळेत बाकीच्यांना सोळाशेपैकी हजारच्या आसपास गुण पडतात तिथल्या एखाद्याने चौदाशे काढले, तर ते चौदाशे वेगळे. म्हणजे आकडा तोच, पण तो कुठून आला हे विचारल्याशिवाय कोणी त्याला हात लावत नाही. आमच्या ग्रुपवर परीक्षा परत आल्याची बातमी पोचली, हा भाग पोचला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर प्रवेशासाठी सॅटचे गुण आजही बघत नाही. तेही कोणी फॉरवर्ड केलं नाही.

ही परीक्षा १९२६ साली सुरू झाली. ती बनवणाऱ्या कार्ल ब्रिगमने तीनच वर्षं आधी पुस्तक लिहून उत्तर युरोपातल्या गोऱ्यांची बुद्धी सगळ्यांत वरची ठरवली होती, सैनिकांच्या बुद्धिमत्ता चाचण्यांच्या आधारावर. नव्याने आलेल्या, इंग्रजी धड न येणाऱ्या माणसांना अमेरिकी रीतीरिवाजांचे प्रश्न विचारायचे आणि उत्तर चुकलं की वंशच मंद म्हणायचं. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र पुढे चालत राहिली.

सॅटमधला एक प्रश्न पुढे फार गाजला. आपल्या शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत समसंबंध असायचे, तसलाच. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तेच वल्हेकऱ्याचं कशाशी? उत्तर होतं रेगाटा, म्हणजे वल्हवायच्या नौकांची शर्यत. ज्याच्या घरी, शाळेत, गावात असल्या शर्यती होतात त्याला हे उत्तर दोन सेकंदांत येतं. बाकीच्यांनी अंदाज करायचा. २००५ मध्ये समसंबंधांचा प्रकारच सॅटमधून काढून टाकला.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर क्विन्सिगमंड तळं आहे. वसंतात तिथे कॉलेजांच्या शर्यती होतात, आम्ही घडीच्या खुर्च्या घेऊन जातो. माझी मुलगी तो प्रश्न आज डोळे मिटून सोडवेल. तिची बुद्धी त्यासाठी तसूभरही वाढलेली नाही, आम्ही तळ्याकाठी घर घेतलं एवढंच.

आणि आता नाशिककरांनी हे ऐकावं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन धावली कविता राऊत, आपल्या हरसूलकडच्या सावरपाड्याची. त्याच रिओत एकेरी नौका वल्हवली दत्तू भोकनळने, चांदवडच्या तळेगाव रोहीचा, जिथे उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नाही. सैन्यात गेल्यावर त्याच्या हातात वल्हं आलं. त्या गाजलेल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू, धावपटू आणि वल्हेकरी, एकाच वर्षी एकाच जिल्ह्याने ऑलिंपिकला पाठवल्या. या दोघांना शाळेत असताना तो प्रश्न घातला असता तर? चौकोन काळा करता आला नसता, आणि आपण म्हणालो असतो, पोरं हुशार नाहीत.

हे मला अमेरिकेने शिकवलेलं नाही. माझे वडील, अण्णा, पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शनिवारची अर्धी शाळा करून एसटीने पंचवटीत घरी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. मी सातवीत शिष्यवृत्तीला बसले होते. माझ्या बाकावर पेठकडचीच एक मुलगी होती, आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहणारी. गणितात ती माझ्यापुढे होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. एकदा सराव परीक्षेत समसंबंध आला, गणेशचतुर्थीला मोदक तर होळीला काय? तिने चकली लिहिलं. त्यांच्याकडे शिमगा हा वर्षातला सगळ्यांत मोठा सण, पाच-पाच दिवस चालणारा, पण तिच्या घरी त्याला पुरणपोळी होत नसे. बाईंनी तिचं उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. सगळ्यांत आधी मी हसले.

शनिवारी मी ती गंमत म्हणून अण्णांना सांगितली. ते हसले नाहीत. पाटीवर चार शब्द लिहून म्हणाले, "गटात न बसणारा शब्द ओळख." नागली, वरई, भात, खुरासणी. मी लगेच सांगितलं, वरई. कारण भगर उपासाला चालते, बाकीची नाहीत. अण्णा म्हणाले, "तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातून बघितलं तर बरोबर आहे. माझ्या वर्गात विचारलं तर पहिलीतलं पोरही खुरासणी म्हणेल. तिचं तेल काढतात, बाकीची तिन्ही शिजवून पोटात जातात. आता गुण कोणाला देऊ?"

मला त्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली, तिला नाही. पुढच्या वर्षी ती आमच्या वर्गात नव्हती. मी तिची चौकशी केली नाही.

ग्रुपवरचा मित्र म्हणेल, नीटमध्ये कुठे पुरणपोळी विचारतात? बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, ते सुरगाण्यातही तीनच. कबूल. पण तो कप्प्यांचा प्रश्न कुठल्या भाषेत येतो? २०१८ च्या नीटमध्ये तमिळ पेपरातले ४९ प्रश्न भाषांतरात चुकले होते. मद्रास उच्च न्यायालयाने प्रत्येकी चार असे १९६ गुण द्यायला सांगितलं, पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मुलांच्या पदरात काय पडलं? पेपर एकच होता म्हणणाऱ्याने ते ४९ प्रश्न डोळ्यांसमोर आणावेत. आपल्याकडे तर पोर दहावीपर्यंत मराठीतून शिकतं, तेही घरी आदिवासींची कोकणा बोली बोलणारं, म्हणजे मराठी ही त्याची आधीच दुसरी भाषा, आणि अकरावी सायन्सला अख्खं पुस्तक इंग्रजीत. सुरगाण्याची ती मुलगी तिसऱ्या भाषेत परीक्षा देऊन आली आहे. आई-बाप द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरीला गेले की मागे घर, धाकटी भावंडं आणि अभ्यास तिनेच बघितला असेल. २७ फेब्रुवारीला याच ग्रुपवर कुसुमाग्रजांचे फोटो आणि मराठी वाचवायच्या शपथा येतात. त्या मराठीत पेठच्या उच्चारांना जागा नाही का?

मला सगळ्यांत जास्त चीड दुसऱ्याच गोष्टीची येते. पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, पंधरा वर्षांच्या मुलांची. २००९ च्या फेरीसाठी भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले आणि ७४ जणांत ७२ वे आणि ७३ वे आले. तेव्हा दिल्लीने काय म्हटलं? प्रश्न आपल्या सामाजिक-सांस्कृतिक वातावरणाला धरून नव्हते. २०१२ आणि २०१५ च्या फेऱ्यांना आपण बसलोच नाही. देश म्हणून नापास झालो तेव्हा संस्कृती आठवली. सुरगाण्याच्या पोरीने तेच म्हटलं की ती सबब होते?

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये एमकॅस या राज्याच्या शालेय परीक्षेचे प्रश्न मुलांपुढे जाण्याआधी एक समिती फक्त यासाठी वाचते, की यात कुठल्या गटाच्या मुलांवर अन्याय तर नाही. एकूण सारखेच गुण मिळवणारी दोन गटांतली मुलं एखाद्याच प्रश्नाला वेगवेगळी वागली, तर मुलांना नाही, त्या प्रश्नाला धारेवर धरतात. तरीही चुका होतात. २०१९ मध्ये दहावीच्या पेपरात गुलामगिरीवरच्या कादंबरीतला उतारा आला आणि वर्णद्वेषी बोलणाऱ्या गोऱ्या बाईच्या भूमिकेतून लिहायला सांगितलं. काळ्या मुलांनी ते भर परीक्षेत कसं लिहावं? आरडाओरडा झाला, राज्याने प्रश्नच बाद केला. उत्तर चुकीचं छापलं म्हणून नव्हे, प्रश्न मुलांना टोचला म्हणून. आपल्याकडे असं झालेलं मी ऐकलेलं नाही.

हे लिहिताना माझा सूर चढतो, मला कळतं. नाशिकला गेले की धाकटा भाऊही सांगतो, "ताई, तू आल्यावर आम्हाला नागरिकशास्त्राचा तास असतो." म्हणून आता माझं सांगते.

मुलगी किंडरगार्टनला गेली तेव्हा शाळेचा फॉर्म आला, घरी कुठली भाषा बोलता? मी अभिमानाने मराठी लिहिलं. त्यावरून तिची इंग्रजीची चाचणी झाली. अनोळखी बाईसमोर ती गप्प बसली आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या तासाला तिचं नाव गेलं. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेत गेले. म्हणाले, ही इथे जन्मलेली आहे, दोन भाषा बोलते, तुमची चित्रं बघून ती बोलली नाही यावरून तिची समज ठरवू नका. ग्रुपवर जे मी आता लिहिते ते तेव्हा माझ्या मोडक्या इंग्रजीत, रडत, शब्द न् शब्द बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, तिच्या बाईंनी लक्ष घातलं, वर्षभरात ती त्या तासातून बाहेर आली. पण मला तेव्हा लागलं होतं ते चाचणी चुकली म्हणून कमी, आणि माझी मुलगी ब्राझीलहून आलेल्या सफाई कामगारांच्या मुलांशेजारी बसली म्हणून जास्त. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्या मुलांच्या आयांना रजा टाकून शाळेत येणं जमत नव्हतं.

दुसरं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये इथे मतदान होतं, हायस्कूलचा दाखला मिळायला दहावीची एमकॅस उत्तीर्ण होण्याची अट ठेवायची की काढायची. नागरिक झाल्यावरचं माझं पहिलं मोठं मतदान. इंग्रजी नवी असलेली मुलं त्या अटीपाशी अडकतात, हे मला माहीत होतं. तरी मी अट ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. अट काढण्याची बाजू जिंकली, माझं मत हरलं. का दिलं मी तसं? मी परीक्षांवर वाढलेली बाई आहे. परीक्षा काढून घेतली तर पंचवटीतून मी इथवर कशी आले, याचा हिशोब लागत नाही.

अण्णांचंही परीक्षेवर प्रेम होतं. ते म्हणायचे, पेपर तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही, बैठक क्रमांक दिसतो. वशिला नसलेल्या माणसाला तेवढाच आधार. हे मला आजही पटतं. इथल्या निबंधांच्या आणि शिफारसपत्रांच्या प्रवेशांत पैसा जास्तच बोलतो, मी बघते आहे. परीक्षा नको असं मी ग्रुपवर एकदाही म्हटलेलं नाही. मार्क वाचणाऱ्याने एकदा ते कुठून आले ते बघावं, पेपर काढणाऱ्यांच्या टेबलावर पेठचा, सुरगाण्याचा एखादा शिक्षक असावा, एवढंच माझं मागणं आहे. आदिवासी विकास आयुक्तालय तर आपल्या नाशिकातच आहे.

गेल्या रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ऐंशी ओलांडली आहे, ऐकू कमी येतं. ग्रुपवरचं भांडण त्यांना सांगितलं, ते पाटीवरचे चार शब्द आठवतात का विचारलं. त्यांना आठवत होते. म्हणाले, "पोरीला विचार की." मी मुलीला हाक मारली आणि अण्णांनी तिकडून सावकाश, शिक्षकाच्या आवाजात चारही शब्द उच्चारले. नागली. वरई. भात. खुरासणी.

ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, भात गटात बसत नाही. मला फक्त भातच माहितेय."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं आवाज गेला. मग म्हणाले, "तिची शाळा जूनमध्ये सुटते ना? जुलैत या. भाताची आवणी चालू असते तेव्हा. पेठला जाऊ."

तिकिटं मी काढली आहेत. अण्णांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे त्या बाकावरच्या मुलीची चौकशीही करायला सांगितली आहे.