फिजिक्स शिकवतो आणि चर्चलाही जातो

मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकल संपल्यावर बी.एस्सी.चा एक मुलगा मागे थांबला. म्हणाला, "सर, तुम्ही फिजिक्स शिकवता आणि दर रविवारी चर्चलाही जाता. मग खरं काय मानता?" पोरगं मनापासून विचारत होतं. उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

2016 चा उन्हाळा कुठलाच लातूरकर विसरणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या मंडळीत दर रविवारी पावसासाठी प्रार्थना व्हायची आणि मीही गुडघे टेकून आमेन म्हणायचो. पुढे पावसाळ्याच्या शेवटी असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझा हात धरला. "सर, आता तरी तुमच्या विज्ञानवाल्यांना सांगा, देवानं ऐकलं!"

आनंद मलाही झाला होता, पण मला हो म्हणवेना. 2014 ला आणि 2015 लाही आम्ही तेवढ्याच कळवळ्याने प्रार्थना केली होती. 2015 ला प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं, आणि त्याने बऱ्याचदा आपला मान्सून बिघडतो; देशात पाऊस 14 टक्के कमी पडला, आणि आपण तर आधीच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत.

आमच्या लॅबमध्ये पोरं साध्या दोलकावरून गुरुत्वत्वरण काढतात. मीटरभर दोऱ्याला वीस आंदोलनांना चाळीस सेकंद लागतात. कुणाला 38 येतात. उत्तर 980 सेंमी प्रति सेकंद वर्गाच्या जवळ यायला हवं हे आधीच ठाऊक असतं, म्हणून 38 खोडून गुपचूप 40 लिहिलं जातं. मी तिथे मार्क कापतो. कारण 38 तसंच ठेवलं असतं तर चूक सापडली असती: गोळा सोडताना 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हटलं, म्हणजे आंदोलनं एकोणीसच मोजली.

मग चर्चमध्ये मी 2014 आणि 2015 खोडून फक्त 2016 कसं ठेवू? 'होय तर होय, नाही तर नाही' हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलंच आहे. माझ्यासाठी ते प्रॅक्टिकलच्या जर्नललाही लागू आहे आणि देवाबद्दल चर्चमध्ये दिलेल्या साक्षीलाही.

विश्व प्रसरण पावतंय हे 1927 मध्ये समीकरणांतून मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी, पसरणाऱ्या विश्वाला कधीतरी आरंभ असणार या कल्पनेचा संबंध थेट देवाच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्रंना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरच राहावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा विश्वास कमी होता म्हणून नव्हे. ज्या देवाला माझ्या समीकरणाचा टेकू लागतो, तो समीकरण बदललं की पडणारच, आणि समीकरणं बदलतात, हे मी रोज शिकवतो.

मग पावसासाठी प्रार्थना का करतो? ढग वळवायला नाही. एप्रिलमधल्या त्या रविवारी गुडघ्यांवर असताना मला सारखी आमच्या बोअरची आठवण येत होती. तासभर का होईना, पाणी येत होतं, आणि आम्ही फाटक लावून भरत होतो. तहान लागलेल्यांच्या नावाने आमेन म्हणायचं आणि घरी जाऊन कडी लावायची, हे जमेना. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी कधीपासून हेच म्हणतेय." संध्याकाळी पाइप फाटकाबाहेर काढला. समोरच्या काकूंनी पहिली घागर लावली.