सल्ला कुठल्या देशातला आहे, ते आधी बघा

कुत्र्याला कच्चं मांस घालणं आणि त्याला लस न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण हल्ली माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत त्या जोडीनंच येतात. आधी पाकिटातलं कोरडं खाणं बंद होतं. मग ‘नैसर्गिक आहार’ सुरू होतो, पाठोपाठ ‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’ ऐकू यायला लागते आणि एक दिवस कळतं की रेबीजचं इंजेक्शन यंदा मुद्दामच दिलेलं नाही. का, तर “डॉक्टरांचा धंदा आहे तो.”

ही माणसं निष्काळजी नाहीत. कुत्र्यासाठी रात्र जागणारी, त्याच्या खाण्याचा ग्रॅमवारी हिशोब ठेवणारी माणसं आहेत. म्हणूनच हे लिहायला बसले. निष्काळजी माणसाला चार शब्द सुनावता येतात, पण प्रेमापोटी चुकीच्या माहितीवर विसंबलेल्या माणसाशी नीट बोलावं लागतं.

कच्च्या आहाराच्या चळवळीला १९९३ मध्ये मोठा जोर दिला तो इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं. मांसल हाडं, अवयव, भाज्या हा आहार त्यांनी मांडला आणि तो जगभर गेला. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांमधला रेबीज नाही. ब्रिटनमध्येही नाही. तिथला कुत्रा पाळणारा ‘कमीत कमी लसी’ म्हणतो तेव्हा त्याच्या दारात रेबीज उभाच नसतो. जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश एकट्या भारतात होतात, आणि माणसाला होणारा रेबीज जवळजवळ प्रत्येक वेळी कुत्र्याकडूनच येतो. तिकडचा व्हिडिओ बघून इकडची लस चुकवणं मला म्हणूनच भयंकर वाटतं. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही, कुत्र्यासाठी नाही आणि माणसासाठीही नाही.

“आमचा बाहेर कुठे जातो?” असं म्हणतात. अहो, सोसायटीच्या गेटवर रोज चार भटकी कुत्री असतात. जिन्यात मांजर असतं. फटाक्यांना घाबरून दिवाळीत पळालेली पाळीव कुत्री आपण सगळ्यांनीच शोधली आहेत. आणि घरातल्या मुलांच्या गालाला, ओरखड्यांना चाटणारा तोच असतो. या एका लसीबाबत निवड हा शब्दच मला मान्य नाही.

पार्वोचं तसंच. पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणारा हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो मातीत महिनोन्महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही. पिल्लाला पहिले काही आठवडे आईकडून मिळालेलं संरक्षण असतं आणि तेच संरक्षण लसीला निष्प्रभ करतं. ते नेमकं कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं, म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस देत जायचे आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा. ‘एवढी इंजेक्शनं कशाला’ या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं आहे, पण ते क्लिनिकमध्ये कुणी समजावून सांगत नाही. इथे माझा राग डॉक्टरांवरही आहे.

कारण शंका घेणारे प्रत्येक वेळी चूक नसतात. दरवर्षी सगळ्याच लसी पुन्हा द्यायच्या का, हा प्रश्न रास्त आहे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना आहे, वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशन. तिच्या मार्गदर्शनानुसार डिस्टेंपर, पार्वो आणि अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूंच्या लसींची सुरुवातीची मालिका आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षाच्या वयातला डोस नीट पूर्ण झाला असेल, तर पुढचा बूस्टर, म्हणजे पुन्हा द्यायचा डोस, तीन वर्षांहून लवकर द्यायची गरज नसते. रक्तातल्या अँटिबॉडी तपासूनही संरक्षण आहे की नाही ते कळतं. आपल्याकडे मात्र ‘नाइन-इन-वन’, म्हणजे अनेक लसींचं एकत्र इंजेक्शन, दरवर्षी टोचलं जातं आणि विचारलं तर कपाळाला आठ्या पडतात. पण याच मार्गदर्शनाची दुसरी बाजूही वाचा. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जीवाणूजन्य रोगापासूनचं संरक्षण जेमतेम वर्षभर टिकतं, त्यामुळे ती लस वर्षाला घ्यावीच लागते. उंदराच्या मुतानं दूषित झालेलं पाणी पावसाळ्यात मुंबई, ठाणे, कोकणात कुठे नसतं? लेप्टो कुत्र्याचं मूत्रपिंड आणि यकृत निकामी करतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही होतो.

आता कच्च्या मांसाबद्दल. मी स्वतः मांसाहारी आहे, बाजार जवळून बघते. ज्या सल्ल्यात ‘ताजं मांस आणा, गोठवा, घाला’ असं असतं, तो सल्ला मांस कापल्यापासून घरी येईपर्यंत सतत थंड ठेवलेलं असतं हे गृहीत धरतो. आपण चिकन सेंटरवर जातो. एकच ओंडका, एकच सुरा, एकाच ड्रममध्ये कोंबड्यांची तडफड, वर मे महिन्याचं ऊन. आपण ते चिकन शिजवतो, त्यामुळे साल्मोनेलासारखा पोट बिघडवणारा जीवाणू मरतो. कुत्र्याच्या भांड्यात ते कच्चं पडतं तेव्हा त्याला काही झालं नाही तरी जंतू त्याच्या विष्ठेतून आणि लाळेतून घरात फिरतात. घरात तान्हं बाळ, केमो चालू असलेलं कुणी किंवा आजी-आजोबा असतील तर हा धोका त्यांच्या वाट्याला येतो. फ्रीजमध्ये गोठवल्यानं हे जीवाणू मरत नाहीत, ते थांबून राहतात एवढंच.

नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. अहवाल आला, एच५एन१, बर्ड फ्लू. संशयाची सुई त्यांना मिळणाऱ्या कच्च्या मांसावरही गेली. तेव्हा ‘मांसाहारी प्राण्याचं पोट कच्चं मांस पचवायलाच बनलंय’ हे वाक्य फार विचार न करता बोलू नये. शिवाय कुत्रा लांडगा राहिलेला नाही. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच, कुत्र्यात अनेक पटींनी जास्त असतात, हे २०१३ च्या संशोधनानं दाखवलं. माणसाच्या उरलेल्या भाकरीवर हजारो वर्षं जगलेला प्राणी आहे तो.

सगळ्यात जास्त वाईट मला वाढत्या पिल्लांचं वाटतं. नुसत्या बोनलेस चिकनवर किंवा हृदय-कलेजीवर ठेवलेल्या पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही, फॉस्फरस मात्र भरपूर जातो. शरीर मग हाडांतलं कॅल्शियम ओढतं, पाय वाकतात, साध्या उडीनं हाड मोडतं. नुसती दूध-पोळी घालणाऱ्या घरांतही कमतरता होतेच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घरचं खाणं जरूर घाला, पण मांस शिजवून घाला, कांदा-लसूण टाळा, शिजलेली हाडं देऊ नका आणि कॅल्शियमचं प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्या.

विश्वासाबद्दल शेवटी एवढंच म्हणेन की तो डोळे मिटून ठेवायची गरज नाही. डॉक्टरांचा राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. लसीच्या बाटलीवरचं लेबल कार्डावर चिकटवलंय का बघा, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, तेव्हा लाईट गेल्यावर फ्रीजचं काय करता हेही विचारा. ब्रीडरनं ‘एक इंजेक्शन झालंय’ म्हणून सांगितलेल्या आणि लेबल नसलेल्या लसीला काही अर्थ नाही.

आणि डॉक्टरांनो, तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. काऊंटरवर ज्या कंपनीची पोती रचलेली असतात, तिचंच खाणं चिठ्ठीवर आलं की लोकांना शंका येणारच. तुम्हाला त्यात किती मिळतं ते मोकळेपणानं सांगा, घरच्या जेवणाचा तक्ता मागणाऱ्याला झिडकारू नका. आहार आणि लसींवर बोलायला वेगळी वेळ ठेवा आणि तिची वेगळी फी लावा. ती फी द्यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे पुष्कळ निघतील.