फुली मारलेल्या जागी सही

बडोद्याला गेले की दांडिया बाजारातल्या काकूंकडे एक संध्याकाळ ठरलेली. या खेपेला मटार सोलता सोलता त्यांनी एका कागदावर सही केली. पेन्सिलीने फुली मारली होती, तिथे. काकू एका लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, हॉटेल कंपनीच्या संचालक आहेत, कंपनी दिरांची. "काय आहे त्यात?" मी विचारलं. "पर्यावरणाचं काहीतरी आहे म्हणे," म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

याच काकू तीस वर्षं दर चैत्रात पावागड, बडोद्याजवळचा देवीचा डोंगर, चढतात. पाण्याच्या पिशव्या नि फाटक्या चुनऱ्या कुठल्या घळीत साठतात, हे त्यांना पाठ आहे. विश्वामित्री नदी त्याच डोंगरात उगवते आणि मगरींसकट आमच्या शहरातून वाहते. वर टाकलेलं खाली आपल्याच दारात येतं, हे काकूंना कुणी शिकवावं लागत नाही. "बैठकीत बोललात का?" "मला कोण विचारतंय गं?"

मला याचाच राग येतो. 2013च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपनीत एक तरी स्त्री संचालक सक्तीची केली, पण ती घरचीही चालते. पहिल्या 1000 कंपन्यांत 2020पासून स्वतंत्र, म्हणजे मालकांशी नातं नसलेली, स्त्री संचालक लागते, तीही एकच. वर "कोट्याने गुणवत्ता बुडते" हे आहेच. दीर, पुतणे, जावई मंडळावर आले तेव्हा गुणवत्ता कुणी तपासली होती? तेही 1927 साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झालेल्या महाराणी चिमणाबाईंच्या गावात!

मी नॉर्वेतल्या बर्गनला राहते. नॉर्वेने 2003मध्ये पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्त्री-पुरुष दोघांनाही किमान 40 टक्के जागा ठरवल्या. आधी स्वेच्छेवर सोडलं, भागलं नाही. 2006पासून सक्ती आली, दोन वर्षांची मुदत आणि न पाळल्यास कंपनी विसर्जित. जागा भरल्या. टेबलाशी तिघी-चौघी असल्या की एकीला प्रश्न विचारायचा धीर येतो.

पर्यटनाचंही तसंच. गेइरांगर फ्योर्डसारख्या जागतिक वारसा फ्योर्डांत (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांत) 2026पासून लहान प्रवासी जहाजांना उत्सर्जन करायला बंदी आहे. मोठ्या क्रूझना 2032पर्यंत सूट दिली, ती मला खुपते. धूर त्यांचाच जास्त. पण तारीख कायद्यात लिहिलेली आहे. ते फ्योर्ड वारसा यादीत 2005ला आले, आपलं चांपानेर-पावागड त्याआधी, 2004ला. पावागडालाही अशी तारीख हवी.

निघताना काकूंना म्हटलं, पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या हॉटेलांचा कचरा रोज कुठे जातो? त्यांनी कालनिर्णयच्या पानामागे लिहून घेतलं. गुजरातीत, कारण बैठक गुजरातीत होते.