चार्ज यादीत फोल्डर कुठे आहे?

मागच्या आठवड्यात विभागप्रमुखपदाचा चार्ज घेतला. चार्ज यादी साडेतीन पानांची होती. टेबलं, खुर्च्या, लोखंडी कपाटं, छताचे सहा पंखे (एक नादुरुस्त), सगळं डेडस्टॉक रजिस्टरच्या पान क्रमांकासकट. विभागीय ग्रंथालयातली पुस्तकं आम्ही दोघांनी मोजली, किल्ल्या मोजल्या. विभागाची गेल्या बारा-तेरा वर्षांची कागदपत्रं, प्रबंध, रेकॉर्डिंग ज्या गुगल ड्राइव्हवर आहेत, त्याची मात्र यादीत एक ओळही नव्हती. सही करण्याआधी ती ओळ मी हाताने वाढवली. त्यामागचं कारण इथे लिहितेय, कारण हे फक्त आमच्या विभागाचं दुखणं नाही.

आम्ही मराठीचे. एम.ए.च्या मुलांना बोलीचा प्रकल्प असतो. मुलं गावी जातात, घरातल्या-शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणतात. अहिराणी, मालवणी, झाडीबोली, जात्यावरच्या ओव्या, शेतीचे शब्द, नात्यांचे शब्द. आमचे एक ज्येष्ठ सर हे सगळं मायेने गोळा करायचे. प्रत्येक रेकॉर्डिंगला गावाचं नाव, बोलणाऱ्याचं वय, तारीख. फोल्डर आम्हा सगळ्यांना दिसायचा, म्हणून तो विभागाचाच आहे असं आम्ही धरून चाललो.

सर निवृत्त झाले. काही महिन्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, "मॅडम, आजी गेली. तिच्या ओव्या तेवढ्या मिळतील का?" मी फोल्डर शोधला. तो नव्हता. संस्थेने दिलेली निवृत्तांची गुगल खाती बंद झाली, त्यात सरांचंही झालं होतं, आणि फोल्डर त्याच खात्यात होता. खातं काढून टाकल्यावर ते परत आणायला ॲडमिनकडे, म्हणजे संस्थेची खाती सांभाळणाऱ्याकडे, २० दिवस असतात. ते कधीच उलटून गेले होते. त्या मुलीला काय सांगायचं हे मला फोनवर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

यात कोणी वाईट वागलं नाही. गुगलने शैक्षणिक संस्थांसाठीची अमर्याद जागा बंद करण्याचं २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. सगळ्या संस्थेला मिळून मूळ १०० टेराबाईट, आणि आधीपासून वापरणाऱ्या संस्थांना हा नियम २०२२ च्या जुलैपासून. मग संगणक केंद्रं जागा मोकळी करायला लागली, आणि आधी नजर गेली ती निवृत्तांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या खात्यांवर. त्यांना तरी कसं कळणार की एका खात्यात एका विभागाचा ठेवा आहे?

'माय ड्राइव्ह'मधली फाइल जो बनवतो त्याची असते. तुम्ही ती शंभर जणांना शेअर करा, मालकी त्या एकाच खात्याची. 'शेअर्ड ड्राइव्ह'मधली फाइल संस्थेची असते. माणूस गेला तरी ती तिथेच राहते. स्क्रीनवर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून फरक कोणाच्या लक्षात येत नाही. खातं बंद करण्याआधी ॲडमिनला फायलींची मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते. त्यासाठी कोणीतरी वेळेवर सांगावं लागतं, आणि हे सांगण्याचं काम कोणाचंच नव्हतं.

एका सहकाऱ्यांची हरकत मला पटते: शेअर्ड ड्राइव्हसारख्या सामायिक जागेत ठेवलं की कोणीही खोडेल. म्हणून आम्ही सगळ्यांना 'कॉन्ट्रिब्युटर' केलंय. फायली टाकता येतात, दुरुस्त करता येतात, काढून टाकता येत नाहीत. 'मॅनेजर' दोनच, प्रमुख आणि विभागाचे लिपिक. शिवाय महिन्यातून एकदा सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून ती कपाटात कुलपात. "गुगलवर आहे, आता कशाला?" असं विचारणाऱ्यांना मी क्योटो विद्यापीठाचं उदाहरण देते. २०२१ च्या डिसेंबरात तिथल्या महासंगणकाच्या साठवणुकीतून ७७ टेराबाईट, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या गेल्या. १४ संशोधनगटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचं काम बॅकअपमधूनही परत आणता आलं नाही. फायली पुसल्या कशाने, तर बॅकअपच्याच स्क्रिप्टमधल्या चुकीने. ते जपानमधलं नामांकित विद्यापीठ, आणि आम्ही एका खात्यावर विसंबून होतो.

नॅकबद्दलही, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेबद्दलही, बोलायला हवं. पाच वर्षांचे पुरावे मागतात, आणि मग एका रात्रीत फोल्डर भरले जातात. त्या घाईत शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारच्या प्रती, जातीचे दाखले, बँक पासबुकाचे फोटो 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडे राहतात. मी आमचे तपासले आणि हादरले. मुलांनी ते कागद विश्वासाने दिलेले असतात. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा नसता, तरीही हे चूकच होतं. ते सगळे मी त्याच संध्याकाळी बंद केले.

जुन्या फायलींची वेगळीच गत. फाइल शाबूत आहे, उघडतेही, पण मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेव या युनिकोडआधीच्या फाँटमधला. फाँट नसला की पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच. फोल्डरमध्ये आहे म्हणजे जपलं गेलं असं नाही, ते वाचताही यायला हवं. युनिकोडमध्ये रूपांतर केलं तरी जोडाक्षरं आणि रफार तपासत एकेक पान वाचावं लागतं. हे काम कोणाच्याही वर्कलोडमध्ये नाही. दोन तास आठवड्याला, एवढंच मी मागितलंय, एका शिक्षकासाठी, लेखी. मला ते मिळेपर्यंत मी मागत राहणार आहे.

आता आमच्या माजी विद्यार्थ्यांना विनंती. बोलीच्या प्रकल्पाची तुमची रेकॉर्डिंग जुन्या फोनच्या मेमरी कार्डवर, घरच्या कॉम्प्युटरवर, व्हॉट्सॲपच्या जुन्या ग्रुपवर कुठेतरी असतील. आवाज खराब असला, मागे गाई हंबरत असल्या, अर्धवट असलं तरी पाठवा. सोबत गाव, बोलणाऱ्याचं वय आणि अंदाजे साल लिहा. आतापर्यंत नऊ परत आली आहेत. त्या ओव्या अजून आलेल्या नाहीत. त्या वर्षी त्या मुलीबरोबर गावी गेलेल्या तिच्या वर्गमैत्रिणी ही पोस्ट वाचत असतील, तर एकदा जुना फोन चालू करून बघा.