'ड्रायव्हर खराब, फॉरमॅट मारा' वाल्या मेसेजबद्दल

आमच्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला: "लिनक्सवर नेट चालत नसलं तं ड्रायव्हर खराब हाये, कंपनीच्या साइटवरून नवीन टाका, तरी नाही झालं तं कार्ड गेलं, फॉरमॅट मारून विंडोज टाका." मी गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, दोन्ही डेस्कटॉप लिनक्सवरच (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम), म्हणून बोलतो.

ड्रायव्हर, म्हणजे नेटचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, खराब? अरे बाप्पा, पाह्यलं का पण! टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) 'आयपी लिंक' (ip link) मारा, तिथं 'नो-कॅरिअर' (वायरीतून सिग्नल नाही) दिसलं म्हणजे बहुतेक वेळा ड्रायव्हर लागलेलाच असते, घोळ वायरीत नाहीतर राऊटरमध्ये. मागच्या पावसाळ्यात मी सोता दोन तास मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हरच) काढ-घाल करत बसलो अन् मग पाह्यतो तं कपाटामागं उंदरानं केबल कुरतडलेली, तांब्याच्या तारा उघड्या.

कंपनीच्या साइटचं म्हणसान तं रिअलटेकच्या ८१११ अन् ८१६८ या वायरीच्या नेटच्या (लॅनच्या) चिपले कर्नलमधलाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलाच, आर८१६९ ड्रायव्हर चालते. बाहेरचा आर८१६८ कधीकधी कामी येते, नाही म्हणत नाही, पण हातानं कंपाइल केला (कोडवरून बनवला) अन् उद्या कर्नल अपडेट झाला की नेट गायब, अन् सेक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असलं तं बहुतेक ठिकाणी बिनसहीचं मॉड्यूल लोडच होत नाही. वायफायमध्ये तं बरेचदा ड्रायव्हर असते, फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल नसते. डीमेसगमध्ये (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) तसं स्पष्ट लिहून येते. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) ११ पर्यंत ते फर्मवेअर नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये नसायचं, २०२३ च्या डेबियन १२ पासून आलं, अन् लोक अजून जुनाच पेनड्राइव्ह घेऊन फिरतात. मोबाइल यूएसबीनं लावा, टेदरिंग चालू करा (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरले भेटते), फर्मवेअरचं पॅकेज टाका, झालं.

कार्ड गेलं, हे मात्र कधी खरंही असते, आमच्याकडं जूनमध्ये विजा कडाडल्या की लॅन पोर्ट जातातच. पण 'एलएसपीसीआय' (lspci, मशीनमधल्या कार्डांची यादी) मध्येच कार्ड दिसत नसलं अन् बायोसमध्येही (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) लॅन चालूच असलं, तं ते विंडोजले कुठून दिसन?

एका गिऱ्हाइकानं हा मेसेज वाचून खरंच फॉरमॅट मारलं. सातबाऱ्याचे सगळे स्कॅन गेले अन् विंडोजमध्येही वायफाय नाही. लॅपटॉप माह्याकडं आणला, बाजूची वायफायची बारकी पट्टी बंदकडं सरकलेली होती. 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list, वायफाय बंद हाये का ते दाखवणारी कमांड) मारलं असतं तं 'हार्ड ब्लॉक्ड: येस', म्हणजे बटनावरूनच बंद, तिथंच दिसलं असतं.